अनाथोथचे शेत

'देवावर भरवसा ठेवा' हे शब्द आपण एकमेकांना किती सहज सांगतो! रुग्णाच्या उशाशी बसून सांगतो, आखातातील नोकरी गमावून परतलेल्या शेजाऱ्याला सांगतो, बारावीच्या निकालाची वाट पाहणाऱ्या मुलीला सांगतो. शब्द खोटे नाहीत. परंतु ते उच्चारताना आपण देवाकडे नेमके काय मागत असतो, याचा विचार आम्ही आयुष्याची साठ वर्षे केला नव्हता. ज्या प्रसंगाने तो करणे भाग पाडले तो सांगताना आजही लेखणी अडखळते. पण तो टाळून या विषयावर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

२०२१ सालचा एप्रिल महिना. करोनाची दुसरी लाट वसईत ऐन भरात होती. चर्चची दारे भाविकांसाठी बंद झाली होती आणि नेमकी त्याच आठवड्यात आमच्या थोरल्या बंधूंची पहिली पुण्यतिथी आली. मिस्सा नाही तर निदान घरी रोझरी तरी म्हणावी, असे ठरले. घरातलीच चार माणसे बसणार होती, जमली चौदा. ऐंशी ओलांडलेल्या आत्याने फोनवर दोनदा विचारले, "येऊ का रे? खिडक्या उघड्या ठेवाल ना?" आम्ही हसून म्हणालो, "आत्या, देवाच्या नावाने जमतो आहोत. तो काय होऊ देईल आपल्याला?" आमच्या दारावर त्या दिवसांत स्तोत्र ९१ लिहिलेला कागद चिकटवलेला होता, त्याचाही दाखला दिला. संध्याकाळी वाऱ्याने मेणबत्त्या विझू लागल्या, तेव्हा खिडक्या आम्हीच लावून घेतल्या.

तिसऱ्या आठवड्यात आत्या गेली. रोग तिला आमच्या घरी जडला की अन्यत्र, हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. आप्तांनी हा आधार आम्हाला देऊ केला. आम्ही तो घेतला नाही.

पुढे कित्येक महिने ते स्तोत्र आम्हाला म्हणवेना. पारध्याच्या पाशातून आणि काळोखात फिरणाऱ्या मरीतून सोडविणाऱ्या देवाचे ते स्तोत्र. मठांतून रात्रीच्या प्रार्थनेत ते शतकानुशतके म्हटले जात आहे. मग एका उपवासकाळात, पहिल्या रविवारी, मिस्सामध्ये तेच स्तोत्र प्रतिसादासाठी आले आणि पाठोपाठ लूककृत शुभवर्तमान वाचले गेले. आपल्या उपासनेच्या तीन वर्षांच्या चक्रात एका वर्षी ही दोन्ही वाचने एकत्र येतात. आम्ही ती अनेकदा ऐकली असणार. पण त्या दिवशी प्रथमच कानांत शिरली. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाक म्हणतो आणि पुरावा म्हणून शास्त्रवचन देतो. कोणते? हेच, ९१ वे! देवदूत तुला झेलतील, हे वचन त्याच स्तोत्रातले आहे. प्रभू ते वचन खोटे ठरवीत नाही. देवाची परीक्षा पाहू नये, एवढेच तो म्हणतो आणि शिखरावरून उडी टाकीत नाही.

खिडक्या लावणारे आमचे हात आम्हाला आठवले. ज्याला आम्ही भरवसा समजत होतो तो त्या शिखरावरचा हट्ट होता. देवाने आमच्या निष्काळजीपणाची भरपाई करावी आणि तीही चौदा जणांदेखत, अशी ती मागणी होती.

पण येथे एक अडचण उभी राहते आणि ती आम्हाला फार दिवस सुटली नव्हती. खिडक्या उघड्या ठेवल्या, लस टोचून घेतली, विमा काढला, पैसे बँकेत ठेवले, तर मग देवासाठी उरले काय? सावध माणूस आणि श्रद्धावान माणूस यांत फरक कोणता? आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने हाच प्रश्न थोड्या तिखट शब्दांत आम्हाला विचारला होता. तेव्हा आम्ही त्याला उत्तर दिले नाही, कारण ते आमच्यापाशी नव्हते. आज जे थोडेसे आहे ते यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथातील ३२ व्या अध्यायाने दिलेले आहे.

ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमाराची ही गोष्ट. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, तटाला मातीचे बुरूज भिडले आहेत, शहरात उपासमार आहे. नगर पडणार, हे यिर्मया वर्षानुवर्षे सांगत आला आणि त्याच अपराधासाठी सिद्कीया राजाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात अडकवून ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनमेल येतो आणि म्हणतो, अनाथोथ येथील माझे शेत तू विकत घे, हक्क तुझा आहे. अनाथोथ हे यिर्मयाचे गाव, यरुशलेमपासून तासाभराच्या चालीवर. म्हणजे ते शेत शत्रूच्या छावणीच्या टापूत गेलेले! हनमेलचा हेतू आम्हाला तरी फारसा निर्मळ वाटत नाही. बुडत्या जमिनीचे रोख पैसे करून घेणारे नातलग आपल्याकडेही थोडे नाहीत. परंतु देवाने घ्यायला सांगितले म्हणून यिर्मया ते शेत घेतो.

कसे घेतो, हे पाहण्यासारखे आहे. तो १७ शेकेल रुपे तराजूत तोलून देतो. आजच्या मापाने सुमारे २०० ग्रॅम चांदी. खरेदीखत लिहून, सही करून, साक्षीदार घेतो. खताच्या दोन प्रती होतात, एक मोहोरबंद आणि एक उघडी, म्हणजे उघडीत कोणी फेरफार केलाच तर बंद प्रतीवरून खरे-खोटे करता यावे. मग सर्वांसमक्ष आपला लेखनिक बारूख याला दोन्ही प्रती मातीच्या मडक्यात घालायला सांगतो, कारण त्या पुष्कळ काळ टिकायला हव्यात. देवाने वचन दिले आहे की या देशात पुन्हा घरे, शेते व द्राक्षमळे विकत घेतले जातील. तरीही, किंबहुना म्हणूनच, कागद पक्का हवा! तलाठ्याच्या कार्यालयात फेरफार नोंदीसाठी खेटे घातलेल्या आपल्या वसईकरांना या संदेष्ट्याविषयी आपुलकी वाटायला हरकत नाही.

येथे आमच्या अडचणीची गाठ सैल झाली. यिर्मयाची सावधगिरी त्याच्या भरवशाच्या विरुद्ध नव्हती. ती भरवशातूनच आली होती. ज्याला उद्याची आशाच नाही तो साक्षीदार कशाला घेईल? उलट, ज्याला देवाला कोंडीत पकडायचे आहे तो कागद करणारच नाही. शेत देव राखील म्हणेल आणि हातावर हात ठेवून बसेल. वरून दोघेही निवांतच दिसतात.

आणखी एक गोष्ट. व्यवहार पुरा झाल्यावर यिर्मया प्रार्थना करतो आणि ती प्रार्थना समाधानाची नाही, गोंधळाची आहे. बुरूज पाहा, नगर शत्रूच्या हाती जात आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगतोस, असे तो देवाला विचारतो. आधी आज्ञा पाळली, मग प्रश्न विचारला! आपल्या घरांत प्रश्न विचारणाऱ्या दुःखिताला 'असे बोलू नये' म्हणून गप्प करण्याची रीत आहे. आत्याच्या मुलीलाही आम्ही तसे गप्प केले होते. २७ मार्च २०२० रोजी दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी संत पेत्राच्या ओस, पावसाने भिजलेल्या चौकात मार्ककृत शुभवर्तमानातील वादळाचा उतारा निवडला, तेव्हा ते नेमके अशाच एका प्रश्नावर थांबले होते. प्रभू उशीवर निजला आहे, होडीत पाणी भरते आहे आणि शिष्य विचारतात, आम्ही बुडतो याची तुला पर्वा नाही काय? पोप महाशयांच्या मते त्या प्रश्नानेच प्रभूच्या मनाला धक्का बसला असेल, कारण त्याच्याइतकी आपली पर्वा दुसऱ्या कोणालाच नाही. शिष्यांना भीती वाटली, यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. आमच्या कोळी बांधवांना विचारा. शिवाय त्यांनी त्यालाच जागे केले, होडीतून उडी टाकली नाही.

अनाथोथच्या त्या शेताचे पुढे काय झाले? यरुशलेम पडले, मंदिर जळाले. यिर्मयाची सुटका झाली, परंतु उरलेल्या लोकांनी भयापोटी त्याला आपल्याबरोबर मिसर देशात नेले. त्याने त्या शेतात कधी नांगर घातला, असे पवित्र शास्त्र कोठेही सांगत नाही. लोक बंदिवासातून परतले तेव्हा अनाथोथचेही काही परतले, त्यांची गणती एज्राच्या ग्रंथात आहे. पण तोवर सुमारे पन्नास वर्षे लोटली होती. आम्हाला हा भाग सर्वांत कठीण वाटतो. प्रवचनांतून तो क्वचितच ऐकू येतो.

आत्याच्या दफनानंतर तिच्या कपाटात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा सापडला. आत सातबाराचा उतारा, दोन साक्षीदारांच्या सह्यांचे नोंदणीकृत मृत्युपत्र, बाप्तिस्म्याचा दाखला आणि शवपेटी व मिस्सासाठी पैसे घातलेले पाकीट होते. बावखलाकाठचा सहा गुंठ्यांचा तुकडा तिने कॅनडात स्थायिक झालेल्या नातवाच्या नावे केला होता. नऊ वर्षांत तो एकदाही घरी आला नव्हता. हे तिला ठाऊक होते; मृत्युपत्र करून आली तेव्हा आम्ही तिची थट्टाही केली होती. ती म्हणाली होती, "त्याचं त्याला द्यायला नको का?" आणि चहा ठेवायला आत गेली होती.

नातवाचा फोन अधूनमधून येतो. विकावे की ठेवावे, हे त्याचे ठरत नाही. देवावर भरवसा ठेव, असे आम्ही त्याला अजून म्हटलेले नाही. कागदांच्या प्रती काढून पाठविल्या आहेत, घरपट्टी भरतो आहोत आणि गेल्या पावसाळ्यात आडवा झालेला एक माड काढून त्या जागी दुसरा लावला आहे.