रक्तातला धूर

अमेरिकेच्या संरक्षण खात्याकडे सैनिकांच्या रक्तद्रवाचा मोठा गोठवलेला साठा आहे. पुढे ल्यूपस झालेल्या 130 जणांचे जुने नमुने त्यातून काढून तपासले गेले. 2003 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, त्यांपैकी 115 जणांच्या रक्तात निदानाच्या आधीपासूनच स्वतःच्या शरीराविरुद्धच्या अँटीबॉडी होत्या. काहींच्या बाबतीत तर तब्बल नऊ वर्षं आधी. मग त्या नऊ वर्षांत ती माणसं आजारी होती का?

सुश्रुतसंहितेने व्याधीची व्याख्या दुःखाशी बांधली आहे. माणसाला जे दुःखाशी जोडतं, ते व्याधी. त्या हिशेबाने ती माणसं ठणठणीत होती. फ्रीझरमधल्या नळीचं म्हणणं वेगळं होतं.

ल्यूपसमध्ये रक्षणाची यंत्रणा स्वतःच्याच पेशींच्या केंद्रकावर उलटते. शरीर असा आत्मघात टाळतंच, असं पॉल एर्लिख यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मांडलं होतं. पण 1948 साली मेयो क्लिनिकमध्ये माल्कम हारग्रेव्ह्‌ज आणि सहकाऱ्यांना रुग्णांच्या अस्थिमज्जेत दुसऱ्या पेशीचं केंद्रक गिळून बसलेल्या विचित्र पेशी दिसल्या. 1957 मध्ये खुद्द डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी सापडल्या. ‘स्व’ आणि ‘पर’ यांची ही गल्लत प्रयोगशाळेत आणखी गमतीदार होते. केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणाऱ्या एएनए तपासणीत रुग्णाचं रक्त ज्या ‘हेप-2’ पेशींवर टाकतात, त्या मुळात हेला पेशी निघाल्या, म्हणजे 1951 साली वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या. स्वतःशी चाललेलं वैर ओळखायला आरसा मात्र परक्या बाईचा!

रोग किती भडकला आहे हे पाहायला डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी बघतात. डीएनएविरुद्धच्या अँटीबॉडी चढतात आणि सी3, सी4 ही कॉम्प्लिमेंटची, म्हणजे रक्षणाच्या यंत्रणेतल्या मदतनीसांची, प्रथिनं उतरतात, कारण अँटीबॉडीच्या गुंत्यांवर ती खर्ची पडतात. जोडीला दाह दाखवणारा ईएसआर असतो. दाहाचीच दुसरी खूण असलेला सीआरपी मात्र ल्यूपसमध्ये बऱ्याचदा फारसा चढत नाही. तो एकदम उसळला तर डॉक्टर आधी जंतुसंसर्ग शोधतात.

न्यायशास्त्राच्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेच्या, भाषेत ही सगळी ‘लिंगं’, म्हणजे खुणा. पर्वतावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमान ‘तर्कसंग्रह’ उघडणारा प्रत्येक विद्यार्थी पहिल्यांदा शिकतो. पण उलटा प्रवास चालत नाही, हेही तिथेच शिकवतात. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धुराला अग्नीबरोबर ओलं सरपणही लागतं. ल्यूपसचे काही रुग्ण असे लोखंडी गोळे असतात. सांधे सुजलेले, तोंडात व्रण, आणि डीएनएच्या अँटीबॉडीचा रिपोर्ट कोरा. ‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे वाक्य त्यांना दिलासा देत नाही, खोटं पाडतं.

उलट बाजूला नैयायिकांचीही पंचाईत होईल. आगीवाचून धूर नाही, हा त्यांचा पाया. पण काही रुग्णांत अँटीबॉडी चढलेल्या, कॉम्प्लिमेंट उतरलेलं, आणि माणूस मात्र वर्षानुवर्षं मजेत, असंही टोरोंटोच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं आहे. नैयायिक म्हणेल, ‘तो धूर नव्हे, धुकं.’ कधी ते खरंही असतं. काहींचा सी4 जन्मजातच कमी असतो, आणि अगदी सौम्य पातळीला एएनए तर निरोगी माणसांतही तिघांत एकाचा पॉझिटिव्ह येतो. पण आजच्या धुक्यातून उद्या ज्वाळा निघणारच नाहीत, याची हमी कोणी द्यावी? नेदरलँड्समध्ये 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, अँटीबॉडी चढताच काही रुग्णांना लक्षणांची वाट न पाहता स्टेरॉइड वाढवून दिलं. त्यांच्यात रोग उसळण्याचं प्रमाण खूप कमी राहिलं. तरीही बहुतेक डॉक्टर आज नुसत्या आकड्यावर औषध वाढवत नाहीत, लक्ष वाढवतात. स्टेरॉइड हाडं ठिसूळ करतं, साखर वाढवतं, जंतूंना दार उघडतं. धुक्यावर पाण्याचे बंब मारायचे, तर घर भिजतंच.

मग रुग्णाच्या अनुभवालाच प्रमाण मानावं का? मोह होतो. रोगाची तीव्रता मोजणाऱ्या ‘स्लेडाय’ या मोजपट्टीत कमाल गुण 105. त्यात अँटीबॉडीला 2, कॉम्प्लिमेंटला 2, आणि ज्या थकव्याने बाई दुपारपर्यंत उठू शकत नाही, त्याला शून्य. हा अन्यायच आहे. पण प्रत्यक्षही, म्हणजे स्वतः घेतलेला अनुभवही, फसतं. ल्यूपस मूत्रपिंडात शिरतो तेव्हा सुरुवातीला काहीच दुखत नाही. लघवीतून प्रथिनं वाहू लागतात आणि बाई ‘मी बरी आहे’ असं प्रामाणिकपणे सांगत असते. तिथे आकड्याचंच ऐकावं लागतं, तेही वेळेत.

अनुमान आणि प्रत्यक्ष यांच्याशिवाय न्यायशास्त्र आणखी एक प्रमाण मानतं: शब्द, म्हणजे आप्तवाक्य. तिथे आप्त म्हणजे ज्याचा शब्द विश्वासाचा तो. मराठीत आप्त म्हणजे नातेवाईक. या दोन अर्थांत केवढं अंतर पडू शकतं, ते अमेरिकी लेखिका फ्लॅनरी ओ’कॉनर हिच्या घरी दिसलं. वडील 1941 साली ल्यूपसने गेले, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पंचविशीत तिलाही तोच आजार जडला. डॉक्टरांना ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं. आईने मुलीला मात्र ‘संधिवात’ असं सांगितलं. वडिलांचा मृत्यू पाहिलेल्या मुलीला सत्य पेलणार नाही, ही माया होती. ती समजून घेता येते, पण तिचं समर्थन करता येत नाही. ज्या देहाची साक्ष काढली, त्याच देहाच्या धनिणीला निकाल कळवायचा नाही, हा कुठला न्याय?

1952 च्या उन्हाळ्यात एका मैत्रिणीने तिला खरं सांगितलं. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या फ्लॅनरीने त्यानंतर जॉर्जियातल्या शेतावर मोर पाळले, रोज सकाळी काही तास नेमाने लिहिलं, आणि 1964 च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी ती गेली. तिची पहिली कादंबरी 1952 सालीच, सत्य कळण्याच्या थोडी आधी, बाजारात आली होती. नाव होतं ‘वाइज ब्लड’, म्हणजे शहाणं रक्त.