खुर्चीमागे कोण उभे होते?

मागच्या मे महिन्याच्या सुटीत आम्ही बर्मिंगहॅमला आपाकडे गेलो होतो. आपाचे सासरे रत्नागिरी जिल्ह्यातले, बोटीवरच्या नोकरीतून तिकडे पोहोचले आणि तिथलेच झाले. एका रविवारी दुल्हेभाईंनी सगळ्यांना 'व्हिक्टोरियन चहा आणि खेळ' अशा कार्यक्रमाला नेले. शेजारचे इंग्रज कुटुंब, आपाच्या मैत्रिणी, मुलेबाळे धरून आम्ही बारा-तेरा जण. दारातच पोशाखांची पेटी ठेवलेली. दुल्हेभाईंनी उंच काळी टोपी चढवली, आपाने हिजाबावर झालरीची शाल घेतली. तीन मजली तबकात काकडीची सँडविचेस (एका घासात दोन मावतील एवढीशी), स्कोन, मलई, जॅम. मग अंधार करून मॅजिक लँटर्नचा खेळ झाला. काचेवर रंगवलेली चित्रे पडद्यावर हलू लागली आणि मुलांइतकेच आम्हीही टाळ्या पिटू लागलो. आपल्या कल्याणच्या पटवर्धनांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने हेच खेळ केले होते, हे आम्ही शेजारच्या आजींना मोठ्या ऐटीत सांगितले.

खोटे कशाला बोलावे, फार मजा आली.

परतताना अकरा वर्षांची भाची म्हणाली, "मामू, त्या वेळी आपण असतो तर कुठे बसलो असतो?"

आम्ही पडलो उर्दूचे शिक्षक. चटकन मुन्शी अब्दुल करीम यांचे नाव घेतले. आग्र्याचा हा तरुण १८८७ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, राणीच्या दरबारात गेला आणि तिला उर्दू लिपीत हिंदुस्तानी शिकवू लागला. म्हणजे आपण गुरू झालो असतो, बेटा! भाचीने विचारले, "ते आधी राणीबरोबर चहा प्यायचे, की द्यायचे?"

द्यायचे. ते खिदमतगार म्हणून गेले होते आणि जेवणाच्या वेळी राणीच्या खुर्चीमागे उभे राहत. मुन्शी झाले ते नंतर. १९०१ मध्ये राणी वारली आणि नव्या राजाने तिची त्यांना आलेली पत्रे जाळायला लावली. आग्र्याला परतलेले मुन्शी १९०९ मध्ये वारले. हा उत्तरार्ध आम्ही भाचीला सांगितला नाही. सुटीचा दिवस होता.

पण ते गाळणे मनाला लागून राहिले. व्हिक्टोरिया १८३७ मध्ये गादीवर आली तेव्हा विलायतेतला चहा चीनमधून येई आणि त्याच्या किमतीचा मोठा भाग हिंदुस्थानच्या अफूतून निघे. माळव्याची अफू तर आपल्या मुंबई बंदरातूनच जाई. त्या व्यापारावर चीनने हात टाकला आणि १८३९ ते १८४२ हे युद्ध झाले. पुढे आसामात मळे उभे राहिले. छोटा नागपूरकडून करारावर नेलेला मजूर पळाला तर १८६५ च्या कायद्याने मळेवाल्याला तो वॉरंटाशिवाय पकडता येई. त्या नाजूक कपात एवढे सगळे होते.

मग तो चहा पिणे चुकले का? आमचे एक स्नेही म्हणतात, ज्यांनी आजोबांना राबवले त्यांच्या टोप्या घालून मिरवणे ही बेइज्जती आहे. आम्हाला हे पटत नाही. आपाच्या शेजारणीने आम्हाला चालणारे पदार्थ आधीच विचारून घेतले होते. तिच्या नीयतीवर शंका घेणे हा दुसरा अन्याय झाला असता. आणि 'जाऊ द्या, चहा तो चहा' हेही पटत नाही. टोपी घालण्यात काही बिघडले नाही. बिघडले ते हे, की पेटीत टोप्या होत्या, झालरी होत्या, पण तबक धरून उभ्या राहणाऱ्याचा पोशाख नव्हता, आणि भाचीला मात्र तोच दिसला.

इथवर विचार करून आम्ही जरा खूश होतो, आणि मग आमच्याच शाळेचे स्नेहसंमेलन आठवले. दरवर्षी आम्ही बहादूरशाह जफर यांच्या काळातला मुशायरा उभा करतो. मुले शेरवानीत गालिब होतात, जौक होतात, शमा फिरते, पालकांचे डोळे भरून येतात. गेली तहजीब, असा उसासा आम्हीही टाकतो. त्या मैफिलीत पंखा कोण ओढत होता, पानदान कोण भरत होते, दाराबाहेर पालखीचे भोई किती वेळ ताटकळत होते, हे आम्ही एकदाही दाखवलेले नाही. इंग्रजांच्या पेटीतली उणीव आम्हाला एका दुपारी दिसली. आपली दिसायला नोकरीची बारा वर्षे गेली.

यंदा आम्ही संहितेत एक पंखेवाला घातला. संवाद दोनच, पण शेवटपर्यंत तो रंगमंचावर आहे. ते काम सातवीतल्या एका चुणचुणीत मुलाला दिले. परवा त्याचे वडील शाळेत आले. हमाली करतात. आदाब करून म्हणाले, "सर, पंखा तर आमच्या घरात सगळ्यांनीच ओढला. निदान स्टेजवर तरी पोराला शेरवानी द्या."

तालमी सुरू आहेत. आम्ही त्यांना अजून उत्तर दिलेले नाही.