शिरोरेषेतली फट

ज्ञानेश्वरीची फाइल ई-रीडरवर उघडली आणि अक्षरे फिकी, विरल्यासारखी दिसली, की हल्ली काही वाचक स्वतःच उपाय करतात. खुल्या परवान्याचा एखादा देवनागरी फॉन्ट घ्यायचा, फॉन्ट घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच्या रेषा थोड्या जाड करायच्या आणि ती फाइल कोबोच्या किंवा किंडलच्या फॉन्टच्या फोल्डरमध्ये टाकायची. गरज खरी आहे. चांगल्या ई-इंक पडद्यावर इंचाला ३०० ठिपके असतात आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत करड्याच्या १६ छटा. वाचनाच्या नेहमीच्या आकारात देवनागरीची बारीक रेषा जेमतेम एक-दोन ठिपके भरते. कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून त्यातलेही काही ठिपके करडे होतात आणि रेषा पुसट होते. खिळ्यांच्या छपाईत शाई कागदावर किंचित पसरायची, त्यामुळे बारीक रेषेला आपसूक अंग यायचे. पडद्यावर शाई नाही, तेव्हा ते अंग कुणीतरी मुद्दाम द्यावे लागते. इथवर सगळे कारागिरीचे झाले. पण ज्या ग्रंथाचे पारायण होते, ज्याच्यापुढे डोके टेकवले जाते, त्याच्या अक्षराला हात लावण्याचा अधिकार वाचकाला आहे का, आणि असेल तर कुठपर्यंत, हा प्रश्न कारागिरीने सुटत नाही.

अधिकार आहे, आणि तो आपल्या परंपरेनेच दिलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. मर्यादाही तिनेच घालून दिली आहे. मीमांसकांच्या मते वर्ण नित्य आहे. उच्चार त्याला जन्म देत नाही, फक्त प्रकट करतो. घोगऱ्या आवाजातला 'ग' आणि कोवळ्या आवाजातला 'ग' एकच. व्याकरणकार भर्तृहरी 'वाक्यपदीया'त याहून बारीक भेद करतो. ध्वनी दोन प्रकारचा: प्राकृत आणि वैकृत. ऱ्हस्व की दीर्घ हे ज्याच्यामुळे ठरते तो प्राकृत; तोच शब्द कुणी झरझर म्हणतो, कुणी संथ, हा फरक वैकृत. वैकृत बदलला म्हणून शब्द बदलत नाही. प्राकृताला धक्का लागला तर मात्र शब्दच दुसरा होतो. भर्तृहरी कानाबद्दल बोलत होता, डोळ्याबद्दल नव्हे, हे मान्य. 'पाणिनीय शिक्षा' या उच्चारशास्त्राच्या ग्रंथात तर लिहिलेले पाहून म्हणणारा अधम पाठकांतच मोजला आहे. तरीही हा भेद लिपीला लावणे मला ओढूनताणून वाटत नाही, कारण मराठी माणसाने तो न सांगता पाळलेला आहे. मोडीत इकार-उकारांचे ऱ्हस्व-दीर्घ पाहिले जात नाहीत; पत्रे, हिशेब, सनदा तिच्यात बिनघोर चालल्या. ओव्या आणि स्तोत्रे उतरवायची तेव्हा लेखक बाळबोधीकडे, म्हणजे देवनागरीकडे वळला. घाईत मोडीचे वळण कितीही फिरले तरी चालेल, पण पोथीत मात्रा हलता कामा नये, ही जाण त्यामागे दिसते.

महानुभाव पंथाचे उदाहरण याहून धीट आहे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरेच चिन्ह. वि. का. राजवाड्यांनी उकल करेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांना ती पाने बंदच होती. अक्षराचे रूप इतके पालटूनही त्या पंथाला आपला ग्रंथ उणावला असे वाटले नाही, कारण प्रत्येक चिन्ह दुसऱ्यापासून वेगळे ओळखू येत होते. ज्यू परंपरा अक्षराच्या आकाराबाबत कितीतरी कडक आहे, आणि तिथेही अखेर याच ठिकाणी बोट ठेवलेले आढळते: तोराच्या गुंडाळीत प्रत्येक अक्षराभोवती कोरी जागा हवी, एक अक्षर दुसऱ्याला चिकटले तर ती गुंडाळी दुरुस्त होईपर्यंत वाचनाला चालत नाही.

आता देवनागरी जाड करताना काय होते ते पाहू. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' या जोड्यांत शिरोरेषेतली फट फार मोठे काम करते. 'म'च्या डोक्यावर रेषा अखंड, 'भ'च्या डोक्यावर तुटलेली. सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसते. सगळ्या रेषा सर्व बाजूंनी सारख्या फुगवा असे सांगितले की ते फटीच्या दोन्ही काठांनाही फुगवते, आणि लहान आकारात फट बुजते. मग 'भान' आणि 'मान', 'धन' आणि 'घन' यांतला फरक एका करड्या ठिपक्यावर येऊन ठेपतो. 'ष'च्या पोटातली तिरकी रेषा अशीच भरून जाते आणि त्याचा 'प' होऊ पाहतो. दुसरे ठिकाण 'र'चे. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांत गुरू आणि स्वयंपाकी एवढे अंतर आहे, आणि ते सगळे अंतर अर्ध्या 'र'च्या वळणात साठवलेले आहे. पुष्कळ जुन्या फाइलींत हा 'र' झिरो-विड्थ जॉइनर नावाच्या न दिसणाऱ्या चिन्हाच्या आधाराने लिहिलेला असतो. मजकुराची साफसफाई करताना कुणी ते चिन्ह काढून टाकले की स्वयंपाक्याचा गुरू होतो, दऱ्यांचा दर्या होतो, आणि पडद्यावर काही बिघडलेले दिसतही नाही.

याउलट, ज्या बिघाडाने डोळा चटकन दुखावतो तो पुष्कळदा निरुपद्रवी असतो. फॉन्टमधले जोडाक्षरांचे नियम गळाले तर 'भक्ती'तला 'क' पाय मोडून 'ती'शेजारी उभा राहतो. दिसायला वाईट, पण वाचणारा 'भक्ती'च म्हणतो. पाकळीचा 'ल' आणि गाठीचा 'श' शासनाने २००९ साली मराठीसाठी प्रमाण ठरवले, आणि हिंदी वळणाचा 'ल' पाहून मराठी वाचक अस्वस्थ होतो ते मला योग्यच वाटते. लिपीतही आपले घर असते. पण त्या 'ल'ने ओवीचा शब्द खोटा होत नाही. कुरूपता ही एक गोष्ट, असत्य ही दुसरी, आणि फॉन्टची दुरुस्ती करणारे बहुतेक वेळा पहिलीवरच सारी मेहनत घालतात.

यावर नव्या मनाचा वाचक म्हणेल की मजकूर म्हणजे युनिकोडमधले क्रमांक. ते शाबूत असले की ग्रंथ शाबूत, फॉन्ट हा नुसता अंगरखा. हे अर्धे खरे आहे. क्रमांक कुणी वाचत नाही. वाचणाऱ्यापर्यंत पोचते ते रूपच. वेदपाठात हे फार उघड दिसते. ऋग्वेदाच्या छापील प्रतीत अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली आणि स्वरिताची उभी रेघ अक्षरावर असते. ओळींमधले अंतर कमी पडून ती कापली गेली तर क्रमांक जागच्या जागी असूनही स्वर वाचकापुरता हरवला. स्वर चुकल्याने 'इंद्रशत्रू' या एका समासाचा अर्थ उलटून त्वष्ट्याचा यज्ञ त्याच्यावरच फिरल्याची कथा परंपरेने उगीच जपलेली नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे आणि म्हणून जास्त वजनदार: संदर्भावरून वाचक सावरून घेतो. वर्तमानपत्रात घेतो, कादंबरीतही घेतो. पण ज्ञानेश्वरीची भाषा तेराव्या शतकातली. तिच्यातले कितीतरी शब्द आज कोणाच्या तोंडी नाहीत. पारायणाला बसलेला माणूस ओळखीच्या शब्दांवर ओठंगून वाचत नसतो, अक्षर अक्षर धरून चालत असतो. अनोळखी शब्दात 'ध' आहे की 'घ' हे सांगायला त्याच्याजवळ डोळ्याशिवाय दुसरे साधन नाही. संदर्भ नेमका जिथे सर्वांत दुबळा, तिथेच ही फट सर्वांत मोलाची.

म्हणून धार्मिक ग्रंथासाठी फॉन्ट जाड करणारा माणूस मला सजावटकारापेक्षा नकलकाराच्या जवळचा वाटतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती तोवरच्या प्रतींत पाठभेद शिरले होते म्हणून, आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असे त्यांनी बजावले. त्यांनी ग्रंथाला हात लावला, पण जबाबदारी घेऊन, उघडपणे. आज बऱ्याच देवनागरी फॉन्टना असलेल्या एसआयएल ओपन फॉन्ट परवान्यात याच वृत्तीची एक अट आहे. फॉन्ट हवा तसा बदला, पण मूळ कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या फॉन्टला ते नाव लावू नका. आयआयटी मुंबईत तयार झालेल्या 'शोभिका'ची देवनागरी 'यशोमुद्रा'वरून घेतलेली आहे, पण ती वावरते स्वतःच्या नावाने. घरी रेषा फुगवणाऱ्याने एवढे तरी करावे. आधी 'भान-मान', 'धन-घन', 'आचार्यांना-आचाऱ्यांना' हे शब्द लहानात लहान आकारात पडद्यावर लावून पाहावेत. बुजलेली फट हाताने पुन्हा उघडावी, बाकीचे अक्षर जाड राहू द्यावे. आणि फाइलला नवे नाव द्यावे. कारण ती एका फोल्डरात राहत नाही. मित्राकडून मित्राकडे जाते, आणि जुन्याच नावाने गेली तर पुढचा वाचक 'भान'च्या जागी 'मान' वाचेल आणि ज्ञानदेवांनीच तसे म्हटले आहे असे समजून पुढची ओवी घेईल.