साक्षीदार नसलेला व्यवहार

माणसाने खरे कधी बोलावे? कोणी विचारील तेव्हा, की विचारणारा कोणीच नसेल तेव्हाही? हा जुनाच प्रश्न गेल्या नाताळात माझ्यासमोर अगदी रोकड्या स्वरूपात उभा राहिला.

आपल्या वसईचा एक तरुण अमेरिकेत नोकरी करतो. सुट्टीत तो भेटावयास आला. एका लहान कंपनीचे शेअर्स त्याने सहा वर्षे जपून ठेवले होते आणि त्या वर्षी ते एका सहकाऱ्याला थेट विकले होते. तिकडे दलालामार्फत शेअर्स विकले, की दलाल ‘१०९९-बी’ हा फॉर्म विक्रेत्याला पाठवतो आणि तीच माहिती करखात्यालाही कळवतो. येथे दलालच नव्हता. आलेल्या पैशातून घराची पडवी दुरुस्त करायची होती, म्हणून करापोटी जाणारी रक्कम त्याला टोचत होती. “फादर, सरकारला ठाऊकच नाही, तर मी आपणहून का सांगावे?”

फॉर्म आला नाही म्हणून नफा नाहीसा होत नाही. तिथला कायदाही तसे मानत नाही. विक्रीचा तपशील भरण्याचा ‘८९४९’ क्रमांकाचा फॉर्म २०११ च्या करवर्षापासून आहे. दलालाचा फॉर्म न मिळालेल्या विक्रीसाठी त्यात स्वतंत्र चौकटी आहेत: वर्षभरापर्यंत ठेवलेल्या शेअर्ससाठी ‘सी’, त्याहून अधिक काळ ठेवलेल्यांसाठी ‘एफ’. तारखा, खरेदीची किंमत, आलेली रक्कम हे सारे आपल्याच कागदांवरून भरायचे. मला ही चौकट विलक्षण वाटते. जिथे दुसरा साक्षीदार नाही, तिथे कायदा माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीलाच साक्षीला बोलावतो.

सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एका जुन्या मताची ओळख झाली होती. करविषयक कायदे केवळ दंडात्मक आहेत. पकडले गेल्यास दंड भरावा, पण कर चुकविणे हे पाप नव्हे, असे काही पंडित मानीत. राजाच्या ऐषारामासाठी कर घेतला जाई तेव्हा या मतात काही तथ्य असेलही. परंतु दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये न्याय्य कर लबाडीने चुकविणाऱ्यांना दोष दिला आणि १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने कर भरणे हे नैतिक कर्तव्य ठरविले. कारण उघड आहे. मी चुकविलेला भार अखेर माझ्या शेजाऱ्याच्या खांद्यावर जातो, आणि त्याचा कर तर पगारातूनच कापलेला असतो.

मात्र प्रामाणिकपणा म्हणजे भोळेपणा नव्हे. मूळ किंमत व खरेदीचा खर्च वजा करण्याचा हक्क त्याला आहे. तोटा झाला असता तर तोही मांडता आला असता. पण पुरावा नसल्यास मूळ किंमत शून्य धरली जाण्याचा धोका असतो. म्हणून जुने कागद जपणे हाही एक लहानसा सद्गुणच म्हणावा.

आपल्याकडेही २०२१ पासून प्राप्तिकर खात्याचे ‘वार्षिक माहिती विवरण’ पाहता येते. त्यात दिसते तेवढेच दाखवावे, असा मोह होतो. परंतु ते विवरण सरकारच्या माहितीची सीमा दाखवते, आपल्या कर्तव्याची नव्हे.

जक्कयाकडे तरी कोणी हिशेब मागितला होता? तो आपणहून उभा राहिला आणि बोलला.

एप्रिलमध्ये त्या तरुणाचा फोन आला. विवरणपत्र भरून झाले होते. “पडवी पुढल्या वर्षी करू, फादर,” तो म्हणाला. आवाजात खंत होती, पण पश्चात्ताप नव्हता.