चहा, हौद आणि दुसरं घर

पंचहौद मिशनचा चहा आपल्याकडे गमतीचा किस्सा म्हणून सांगितला जातो, याचा मला मनापासून त्रास होतो. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवलं. रूढी म्हणजे काय, ती टिकते कशी, मोडते कशी, हे वर्गात समजावताना परदेशी पुस्तकातल्या उदाहरणांपेक्षा गुरुवार पेठेतली ती संध्याकाळ मला कितीतरी अधिक शिकवून गेली आहे.

१८९० च्या ऑक्टोबरात व्याख्यानाच्या निमित्ताने चाळीसेक मंडळी या ख्रिस्ती मिशनमध्ये जमली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं आली. कुणी चहा घेतला, कुणी कप हातात घेऊन तसाच बाजूला ठेवला. पुढे गोपाळराव जोशी यांनी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंच्या पतीने, हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, चौकशी बसली. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं पुढे केलं. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं आणि सुधारकांचाच रोष ओढवून घेतला.

क्रिस्तिना बिकिएरी या तत्त्वज्ञ बाईंनी २००६ च्या आपल्या पुस्तकात सामाजिक रूढीची जी व्याख्या केली, ती इथे चपखल बसते. माणूस रूढी पाळतो तो दोन समजुतींवर: बाकीचे ती पाळतात, आणि मीही ती पाळावी अशी त्यांची अपेक्षा आहे. रूढी योग्य आहे असं त्याला स्वतःला वाटायलाच हवं असं नाही. कुणाचाही मनापासून विश्वास नसलेली रूढीसुद्धा त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या जगू शकते. सुधारकांपैकी काही जण खाण्यापिण्याचे निर्बंध कडक पाळत नाहीत, याची कुजबुज पुण्यात आधी नसेल असं मला वाटत नाही. पण कुजबुज वेगळी आणि छापील यादी वेगळी. यादी आल्यावर मला माहीत आहे हे शेजाऱ्याला माहीत झालं, आणि त्याला माहीत आहे हे मलाही. डेव्हिड लुईस यांनी १९६९ मध्ये संकेतांचा विचार करताना याच परस्परांच्या जाणिवेवर बोट ठेवलं होतं. त्यानंतर न पाहिल्यासारखं करण्याची सोय कुणालाच उरत नाही.

इथवर सिद्धान्त आणि शहर हातात हात घालून चालतात. पुढे मात्र माझं भांडण आहे.

मार्क ग्रॅनोव्हेटर यांचं १९७८ चं प्रारूप मी वर्गात फळ्यावर मांडत असे. शंभर माणसं. प्रत्येकाच्या मनात एक आकडा: आधी इतक्यांनी रूढी मोडली, तर मी मोडेन. पहिल्याचा आकडा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत नव्व्याण्णवपर्यंत. शून्यवाला पुढे होतो, त्याला पाहून एकवाला, आणि बघता बघता शंभरही जण पुढे. आता फक्त एकवाल्याचा आकडा दोन करा. पहिला माणूस एकटाच उभा राहतो, बाकी सगळे जागच्या जागी. दोन्ही समाजांतली मनं जवळपास सारखी, परिणाम मात्र विरुद्ध. हे फार मोलाचं आहे, कारण लोक गप्प बसले म्हणजे त्यांना रूढी मान्य होती, हा आपला घाईचा निष्कर्ष त्याने खोडला जातो.

पण यातला प्रत्येक माणूस सुटा आहे. त्याला आई नाही, उपवर बहीण नाही, घरच्या श्राद्धाला भटजी यायला हवा ही चिंता नाही. रमाबाई रानडे यांच्या आठवणी वाचल्या की दिसतं, प्रायश्चित्ताचा निर्णय एकट्या न्यायमूर्तींचा नव्हता. आपापल्या घरच्या ताणाने गांजलेले स्नेही त्यांच्याभोवती होते. रानड्यांचं प्रायश्चित्त मला पटत नाही. त्याला भित्रेपणा म्हणणं मात्र मला चुकीचं निदान वाटतं.

म्हणून मी त्याच शंभर जणांची पाच-पाच जणांची वीस घरं करते, आणि घरातला सर्वांत धास्तावलेला माणूस तयार होईपर्यंत घर हलत नाही, असं धरते. मग शून्यवाल्याच्या घराचाही आकडा कमीत कमी चार होतो. साखळी सुरूच होत नाही. ती सुरू व्हायची तर शून्यवाल्याला आपलं घर सोडून जाता आलं पाहिजे, आणि त्याच्यासाठी दुसरीकडे दार उघडलं पाहिजे. पुढच्यांसाठीही ते उघडंच राहिलं पाहिजे.

आपल्या शहराचा इतिहास या दुसऱ्या दाराने भरलेला आहे. १८४९ मध्ये गोविंदराव फुल्यांनी मुलगा जोतीराव आणि सून सावित्रीबाई यांना मुलींच्या शाळेपायी घराबाहेर काढलं, ते मुलावर माया नव्हती म्हणून नव्हे. समाजाचा धाक बापामार्फत मुलापर्यंत पोचला. त्यांना आसरा दिला उस्मान शेख यांनी. तो आसरा नसता तर शाळांचं काम कुठवर टिकलं असतं? पंचहौदपासून गंज पेठेतला फुलेवाडा पायी जाण्याइतक्या अंतरावर आहे. तिथल्या आवारातला हौद जोतीरावांनी १८६८ मध्ये अस्पृश्यांसाठी खुला केला. चहाचं प्रकरण घडलं त्याच वर्षी, २८ नोव्हेंबरला, ते वारले. एका पेठेत चहाच्या घोटावरून चौकशीची तयारी, आणि शेजारच्या पेठेत पाण्याचा प्रश्न बावीस वर्षांपूर्वीच आपल्यापुरता निकाली काढलेला. हे दोन्ही एकाच शहरात एकाच वेळी होतं, हे सरासरी काढणाऱ्या कुठल्याही प्रारूपात दिसणार नाही.

धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये विधवा गोदूबाईंशी लग्न केलं. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ पासून होता. सदतीस वर्षं तो एकटा पुरला नव्हता. गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकत होत्या. विधवेला सासर-माहेराखेरीज तिसरी जागा मिळाली होती. कर्व्यांच्या मुरुड गावाने बहिष्कार घातला आणि त्याची झळ गावात राहिलेल्या घरच्यांना लागली. कर्व्यांनी मग विधवांसाठी आश्रमच उभारला. पुनर्विवाहाच्या प्रचारापेक्षा हा आश्रम मला रूढीच्या अधिक वर्मी लागलेला वाटतो.

आज विशेष विवाह कायद्याने, म्हणजे १९५४ च्या कायद्याने, लग्न करायचं तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. जातीबाहेर लग्न करणाऱ्या मुलामुलीचं नाव घरच्यांचं मन तयार होण्याआधीच जाहीर होतं. गोपाळरावांची यादी इथे कायद्यानेच काढली जाते. याउलट २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा जोडप्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत सुरक्षित निवारे उभारण्याचा विचार करावा असं राज्यांना सांगितलं. रूढी किती सैल झाली हे मोजताना आपण लोकांना विचारतो: आंतरजातीय लग्न तुम्हाला मान्य आहे का? मी माझ्या विद्यार्थ्यांना आधी वेगळी माहिती आणायला सांगत असे. तुमच्या जिल्ह्यात निवारा आहे का, त्यात खोल्या किती, आणि रात्री अकराला गेलं तर दार कोण उघडतं.