जोडवी, पैरी आणि कबड्डीची पकड

६ ऑक्टोबर २०२२ रोजी छत्तीसगडात ‘छत्तीसगढिया ऑलिंपिक’ सुरू झालं आणि गावोगावच्या मैदानांवर साडी नेसलेल्या बायका कबड्डीला उतरल्या. फुगडी, गेडी (बांबूच्या काठ्यांवर चढून चालणं), भौंरा (भोवरा), पिट्ठुल (लगोरी), लंगडी, खो-खो, रस्सीखेच असे पहिल्या वर्षी १४ खेळ होते. वयाचे गट तीन होते: १८ पर्यंत, १८ ते ४० आणि ४० च्या पुढे. राज्यपातळीचे सामने जानेवारी २०२३ मध्ये रायपुरात झाले. पदर कमरेला खोचून चढाईला निघालेल्या चाळिशीपुढच्या बाईच्या पायात चप्पल नसते, पण चांदी असते. बोटांत बिछिया, घोट्यावर पैरी नाहीतर साँटी.

खेळताना ती चांदी उतरवायची का? पंचासाठी हा नियमाचा प्रश्न आहे आणि तो दोन शब्दांत मिटतो. जिच्या पायात ती चांदी आहे, तिच्या घरी मात्र तो धर्माचा प्रश्न होऊन बसतो आणि सहजी मिटत नाही.

रायपूरचा सदर बाजार म्हणजे सराफ्याची पेठ. तोडा, पैरी, लच्छा, साँटी, बिछिया ही नावं तिथं रोजच्या बोलण्यातली. पायात चांदीच, कारण सोनं म्हणजे लक्ष्मी. ते कमरेखाली घालू नये, ही समजूत छत्तीसगढी घरांत आहे तशी मराठी घरांतही आहे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढंही मराठी कुटुंबं या मुलखात येत राहिली. त्यांच्यासोबत जोडवी, मासोळ्या, विरोद्या आणि पैंजणही आले. शेजारणीची बिछिया आणि मराठी सुनेची जोडवी एकच गोष्ट सांगतात: हिचा नवरा आहे. जोडवी लग्नात चढतात. रूढीप्रमाणं ती उतरवण्याचा दिवस एकच असतो, आणि त्या दिवसाचं नाव घरात कोणी घेत नाही. म्हणून मैदानाच्या कडेला कोणी ‘जोडवी काढा’ म्हटलं की बाईच्या काळजात धस्स होतं.

या धसक्याला अडाणीपणा म्हणणं अन्यायाचं आहे. त्यामागं पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. छत्तीसगडात हे खेळ सुरू झाले त्याच वर्षी, मे महिन्यात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड ग्रामसभेनं विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला. कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं, बांगड्या फोडणं आणि पायातली जोडवी काढणं, हे सगळं त्या गावानं बंद करायचं ठरवलं. त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनानं परिपत्रक काढून हा कित्ता गिरवण्याचं आवाहन सगळ्या ग्रामपंचायतींना केलं. जोडवी काढण्याची भीती या प्रथेतून आलेली आहे. दुसऱ्यांनी, ऐन दुःखात, बाईची परवानगी न घेता तिचे पाय ओके केले, ही त्या भीतीची मुळी. धातू बोटातून निघतो म्हणून अशुभ होतं, असं कोणतंही शहाणं शास्त्र सांगत नाही.

आता नियमाकडे. कबड्डीत नखं बारीक कापलेली हवीत आणि अंगावर कुठलाही दागिना नको, असं नियमच सांगतो. याचं कारण कोपऱ्यावर उभ्या असलेल्या खेळाडूला विचारावं. चढाई करणारी बोनस रेषेकडे पाय टाकते, तिचा तोल क्षणभर एका पायावर येतो, त्याच क्षणी कोपरेवाली खाली झेपावते आणि दोन्ही हातांनी तिचा घोटा पकडते. चढाईवाली सुटण्यासाठी पाय झटकते, पिळते, मध्यरेषेकडे अंग फेकते. तिचं सगळं वजन त्या दोन तळहातांतून ओढलं जातं. घोट्यावर पैरी असेल, तर धातूची कड तळहातात रुतते, साखळीच्या कड्यात करंगळी अडकू शकते. पैरी आहे एकीच्या पायात आणि रक्त येतं दुसरीच्या हाताला.

धर्माचा विचार इथूनच सुरू व्हायला हवा. जोडवी घालणं हे बाईनं स्वतःच्या देहावर घेतलेलं व्रत आहे, आणि स्वतःपुरतं ते पाळण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. पण त्या व्रताची जखम दुसऱ्या देहाला होणार असेल, तर अहिंसेचं कर्तव्य आधी येतं. दोन कर्तव्यं समोरासमोर आली की काय करावं, या प्रश्नाला लोकमान्य टिळकांनी १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त ‘कर्मजिज्ञासा’ नावाचं अख्खं प्रकरण दिलं. त्या ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला माधवराव सप्रे यांनी. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढणारे, मुलींच्या शिक्षणासाठी रायपुरात पाठशाला उभी करणारे हे मराठी गृहस्थ. त्यांच्या गावात हा प्रश्न त्याच वाटेनं सोडवता येईल. आचार किती जुना, हे पाहण्याआधी तो कोणाच्या अंगाला लागतो हे पाहावं.

हीच कसोटी उलट बाजूनंही लावावी लागते. २०१४ मध्ये चीनमधील वुहान इथं आशिया चषक बास्केटबॉल स्पर्धेत भारताच्या अमज्योत सिंग आणि अमृतपाल सिंग यांना पगडी उतरवून खेळायला सांगितलं गेलं. पगडीच्या कापडानं समोरच्याला कोणती इजा होणार होती, याचं उत्तर कोणाजवळ नव्हतं. अखेर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघानं डोक्यावरच्या वस्त्राची बंदी उठवली. मुंबईच्या क्रांती साळवी २०१८ मध्ये बर्लिन मॅरेथॉन नऊवारी नेसून चार तासांच्या आत धावल्या. त्यांच्या काष्ट्यानं शेजारच्या धावपटूचं काहीही बिघडलं नाही. सकाळी तलावाकाठी भरभर चालणाऱ्या बाईला, योगासनं करणाऱ्या सुनेला, गेडीवर चढलेल्या पोरीला पैंजण काढायला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. बुटात जोडवी शेजारच्या बोटाला काचतात, फोड येतात, घामानं चांदी काळी पडते, हे तिला सांगावं जरूर. निर्णय तिचा.

छत्तीसगडची भूमी या बाबतीत फार उदार आहे. सतनामी समाजाचं पंथी नृत्य पाहावं. गुरू घासीदासांनी मूर्तिपूजा नाकारून सतनामाची शिकवण दिली. १८ डिसेंबरला त्यांची जयंती असते. त्या निर्गुणाच्या भक्तीत नाचणारे पुरुष घोट्याला घुंगरू बांधतात, मांदर आणि झांजेच्या वाढत्या लयीवर उसळतात, एकमेकांच्या खांद्यांवर चढून मनोरे रचतात. कुठल्याही व्यायामशाळेत शोभावी अशी ती मेहनत आहे. देवदास बंजारे यांनी ही कला परदेशापर्यंत नेली. इथं घुंगरू उतरवा म्हणणं म्हणजे उपासनाच थांबवणं. शिवाय खांदा देणारा आणि पाय ठेवणारा यांनी एकत्र सराव केलेला असतो, घुंगरू कुठं आहे हे दोघांना ठाऊक असतं. कबड्डीतली झडप अचानक येते आणि ती परक्या हाताची असते.

याच मातीत गोदना आहे, आपलं गोंदण. माणूस गेला की सोनं-चांदी इथंच राहते, गोदना मात्र सोबत जातो, असं इथल्या आयाबाया मानतात. मंदिराची दारं बंद असलेल्या रामनामी समाजानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रामाचं नाव सगळ्या अंगावर गोंदवून घेतलं. म्हणजे निघू शकणारी चांदी आणि सोबत जाणारं व्रत यांत छत्तीसगडच्या लोकश्रद्धेनं स्वतःच फरक केलेला आहे. कबड्डीच्या डावापुरती बिछिया उतरवणाऱ्या बाईचं सौभाग्य त्या बिछियासोबत डबीत जात नाही, हे तिच्या सासूला पटवायला बाहेरचा पंडित आणायची गरज नाही.

गरज आहे ती रीत बदलण्याची. सामना सुरू होताना, शे-दोनशे लोकांसमोर शिट्टी वाजवून ‘जोडवी काढा’ म्हणणं हा अपमान आहे. दागिन्यांचा नियम नाव नोंदवतानाच सांगावा, कारणासकट: समोरच्या बाईच्या हाताला लागतं म्हणून. वर्षानुवर्षं न निघालेली जोडवी घट्ट बसलेली असतात, तेव्हा साबणाचं पाणी आणि आडोसा हवा. चांदी नावानिशी जपून ठेवायला संघातली एखादी वडीलधारी बाई हवी. ज्यांना काढायचीच नाहीत, त्यांना फुगडी किंवा गेडी आहे. त्यांच्याकडे कमी लेखून पाहू नये. आणि संघात विधवा बायकांनाही आग्रहानं घ्यावं. दोन्ही बाजूंच्या सात-सात जणी अनवाणी, बिनचांदीच्या पायांनी रेषेवर उभ्या राहिल्या की कोणाचा नवरा आहे आणि कोणाचा नाही हे पायांवरून ओळखता येत नाही. रायपूरच्या शाळांनी, महिला मंडळांनी आणि मराठी मंडळींनी येत्या संक्रांतीला हळदीकुंकवाच्या जोडीनं कबड्डीचा एक सामना ठेवावा, आणि त्याचं बोलावणं सवाष्ण आणि विधवा दोघींनाही सारखंच धाडावं.