ओळख आणि जामीन

खातं उघडताना पूर्वी फॉर्मवर ओळख देणाऱ्याची सही लागे. कर्जाला लागतो जामीनदार. पहिला सही करून चहा पिऊन घरी जातो, दुसऱ्याची झोप उडते. बी.कॉम. होऊन वीस वर्षं बँकेत घासल्यावर एवढं तत्त्वज्ञान माझ्या पदरात पडलं आहे. पण हाच पेच संगणकवाल्यांनाही पडतो, हे मला नवीन.

मुंबईची फ्रॅपे ही कंपनी ‘ईआरपीनेक्स्ट’ नावाचं हिशेबापासून गोदामापर्यंत सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर करते आणि कुणालाही फुकट घेऊ देते. (उद्यमनगरात हे सांगून बघा. ‘यात गोम काय?’ हा पहिला प्रश्न.) ते उभं करायचं अवजार म्हणजे ‘बेंच’. बाहेरच्या मंडळींनी बनवलेली जोड-ॲप्सही त्यावर चढवता येतात. मात्र घरच्या ॲपला नुसती नावाने हाक मारली की येतं. बाहेरच्याचा पूर्ण पत्ता लिहावा लागतो. आणि पत्ता ठाऊक असायला आधी ते आहे हे तर कळायला हवं! जीएसटीचंच घ्या. 2022 च्या 14 व्या आवृत्तीपासून तो भाग ‘इंडिया कंप्लायन्स’ या वेगळ्या ॲपात गेला, आणि ते सांभाळतात दुसरेच लोक. ज्याला हे कुणी सांगितलं नाही, तो बिचारा जीएसटी पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसायचा.

माझा प्रोग्रॅमर भाचा म्हणतो, ‘‘मामा, अवजारानंच सुरुवातीला यादी दाखवावी की!’’

‘‘आणि त्यातलं एखादं बिघडलं तर?’’

‘‘ते ज्यानं केलंय त्याचं.’’

इतकं सोपं आहे का ते? 2016 साली ‘लेफ्ट-पॅड’ हा 11 ओळींचा कोड त्याच्या कर्त्याने रागाने काढून घेतला आणि जगभरची कामं अडली. शिव्या त्यालाच. फुकट राबणाऱ्याने कुणाला काय लिहून दिलं होतं?

पाहुणा आपल्याला चप्पल लाईनीतलं दुकान विचारतो. गप्प बसलो तर तो पहिल्या हाक मारणाऱ्याच्या तावडीत जातो, आणि आत बसून शिवणारा कारागीर तसाच राहतो. ‘हेच घ्या’ म्हटलं, तर अंगठा तुटल्यावर पाहुणा आपल्या दारात. म्हणून आपण म्हणतो, ‘‘हा स्वतः शिवतो. मी दोन वर्षांमागं घेतली, अजून पायात आहे. पुढचं तुम्ही बघा.’’ यादीनेही एवढंच सांगावं: सांभाळतो कोण, शेवटचा हात कधी फिरवला, कुठल्या आवृत्तीवर चालतं. ‘उत्तम’चा शिक्का नको. शिक्का आला की तो मिळवून देणारे येतात, हे बँकेतल्या माणसाला शिकवायला नको.

‘‘पटलं,’’ भाचा म्हणाला. ‘‘पण यादीत पहिलं नाव कुणाचं?’’

‘‘अकारविल्हे लाव.’’

‘‘मग सगळे ‘अ’वरून नावं ठेवतील, मामा!’’